दोन कारखान्यांत एकटाच उभा राहिलेला लेथ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हवी तर पैज लावा. मी एक जुना, पायाने चालवायचा लेथ आहे, आणि देशाच्या अवकाश उद्योगाच्या नकाशावर एके दिवशी मी एकटा दोन कारखाने होतो. हसा, खुशाल हसा. मला मात्र ती गोष्ट आठवली की मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, ही गोष्ट वेगळी.

लेथ म्हणजे काय, ते आधी सांगतो. लोखंडाचा तुकडा माझ्या जबड्यात पकडायचा आणि खालचा पायटा मारायचा. तुकडा गरगर फिरू लागतो. त्याला धारदार हत्यार टेकवले की लोखंडाची साल निघते आणि तुकडा गोल, गुळगुळीत होतो. माझा जन्म दूर पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. १९५३ साली मी आगगाडीने नंदुरबारला उतरलो आणि तिथून बैलगाडीत बसून तळोद्याला हिलाल मिस्तरींच्या दुकानात आलो. वाटेत माझ्या वजनाने गाडीची चाके जमिनीत इतकी रुतली, की त्या चाकोरीतून पुढे पाणी वाहू लागले आणि लोकांनी तिला पाट समजून कापूस भिजवला.

हिलाल मिस्तरी हत्यार धरायचे आणि त्यांची बायको कौसाबाई पायटा मारायची. उसाच्या चरकाची बुशे, म्हणजे आस ज्यात फिरतो ती गोल नळकांडी, विहिरीवरच्या इंजिनाचे सुटे भाग, सगळे आम्ही तिघांनी मिळून केले. मी घासलेल्या बुशावर एकदा माशी बसली, ती घसरून पडली आणि लंगडत गेली. लांबच्या ब्राह्मणपुरी गावचे शेतकरीसुद्धा आमच्याकडे येत. मिस्तरी माझ्या अंगावरून तेलाचे फडके फिरवत, तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे दक्षिणेकडच्या समुद्रकाठावरून आपल्या देशाचे अग्निबाण आकाशात जाऊ लागले. मग एक दिवस मुंबईहून जीपमधून एक साहेब तळोद्याला आले. देशात अग्निबाणाचे भाग कोण करू शकेल, याची ते पाहणी करत होते. त्यांच्याजवळ मोठा नकाशा होता. यंत्रावर भाग घडवणारा कारखाना पहिल्या वर्गात, त्याला लाल टाचणी. नुसती जोडणी करणारा दुसऱ्या वर्गात, त्याला निळी. डागडुजी करणारा तिसऱ्या वर्गात, त्याला पिवळी. पहिल्या वर्गाला सरकारकडून पोलाद मिळणार होते. त्या काळी पोलाद बाजारात मिळत नसे, मित्रांनो. मिस्तरींच्या दुकानात एकच कांब उरली होती. लाल टाचणी मिळाली नाही तर दुकानाला कुलूप लागणार, हे मलाही कळत होते.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. सोयरीक जुळवायला पाहुणे घर पाहायला आले, की शेजारपाजारचे पितळी हंडे, सतरंज्या, कधी तर बैलजोडीसुद्धा त्या घरी येऊन थांबते. घर भरलेले दिसले पाहिजे. कुणी नाही म्हणत नाही, कारण उद्या पाहुणे त्याच्याही घरी यायचे असतात.

साहेब येणार कळताच गल्लीच्या टोकाचा धुडकू आला. तो बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवत असे.

“हिलाल भाऊ, घटकाभर लेथ दे ना. पाहुना मन्हाकडे पहिले येवाव शे.”

शेजारचा प्रेमचंद कंदील आणि स्टोव्ह नीट करायचा. तोही मागे उभाच होता. “धुडकूनं व्हयनं का मन्हाकडे धाड. तुन्हा नंबर तं शेवटला शे.”

“द्यानं नही,” कौसाबाई म्हणाली. “हाई काय हंडा शे का?”

“उसनं मांगाले उनात, नही कसं म्हनू?” मिस्तरी म्हणाले, आणि मला गाडीत चढवले.

धुडकूच्या दुकानात मला झेंडूचा हार घातला. साहेब मला पाहून खूश झाले आणि लाल टाचणी टोचली. मला वाटले, जमिनीने दुभंगून मला पोटात घ्यावे. मग धुडकूने साहेबांना भरीत-भाकरी खाऊ घातली आणि तेवढ्यात मला मागच्या वाटेने प्रेमचंदकडे नेले. साहेब तिथे आले. मला पाहून त्यांनी चष्मा पुसला.

“असाच लेथ मी आत्ता तिकडे पाहिला.”

“जुळा भाऊ शे साहेब,” प्रेमचंद म्हणाला.

दुसरी लाल टाचणी. साहेब मला थोपटत म्हणाले, “वा! काय राखलंय यंत्र!” राखले होते मिस्तरींनी, आणि शाबासकी घेत होता प्रेमचंद. त्या थापेने मला चटका बसला.

आता प्रेमचंदने साहेबांना वरण-बट्टी खायला बसवायचे आणि तेवढ्यात मी घरी जायचे, असे ठरले होते. पण धुडकूने इतका आग्रह केला होता, की साहेबांच्या पोटात पाण्याचा घोट मावत नव्हता. त्यांनी हात जोडले आणि थेट शेजारी, मिस्तरींच्या दुकानात शिरले. मी राहिलो इकडेच. मध्ये फक्त पत्र्याची भिंत.

“तुमचं यंत्र कुठंय, मिस्तरी?” मला पलीकडून ऐकू आले.

खरे सांगावे तर दोन्ही शेजारी खोटे पडतात.

“डागडुजी करस, साहेब,” मिस्तरी म्हणाले.

“मग तिसरा वर्ग,” साहेब म्हणाले. आणि ज्या एका माणसाकडे खरोखरच लेथ होता, त्याला पिवळी टाचणी लागली. मी मात्र हार घालून परक्याच्या दुकानात दिमाखात उभा.

तेव्हा मित्रांनो, माझ्याने राहवले नाही. मी सगळा जोर लावला आणि असा ओरडलो, की पत्र्याची भिंत थरथरली. “साहेब! मी हिलाल मिस्तरींचा आहे! दोन्हीकडे मीच होतो!” साहेब धावत आले. त्यांनी दोन्ही लाल टाचण्या उपटल्या आणि एक मिस्तरींच्या दुकानावर टोचली. पुढे पोलाद आले, दुकान चालू राहिले, ते हे असे माझ्यामुळे. म्हणून सांगतो, उसनी आणलेली वस्तू वेळेवर परत करा, तिला तेलपाणी करा, आणि माझ्यासारखे धीट...

“ओ लेथ! किती फेकशी?” परसात बाजेवर शेंगा फोडत बसलेली म्हातारी कौसाबाई ओरडली. “तू तं फुलेसना हार घालीसन मुकाट उभा व्हता. बोंब मारनारी मी व्हतू! आनि शेजारीसनी लाज काढी म्हनीसन ह्या मिस्तरी कितला दिन मन्हासंगे बोलनात नही. तेबी सांग ना पोरेसले!”