कार्बनला चिकटलेले ओगिसो साहेब

ओगिसो मासाताका हे किसो खोऱ्यातल्या एका लहानशा गावाच्या पाणीखात्याचे प्रमुख. वय सत्तावन्न. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते कधी उशिरा आले नव्हते, कधी कुणावर ओरडले नव्हते. स्वतःच्या घरचा नळ गळायला लागला तरी खात्यातल्या माणसांना त्रास नको म्हणून रविवारपर्यंत खाली बादली ठेवायचे. अशा माणसाने गेल्या सप्टेंबरात पिवळीधमक, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा गावाला वाटलं की यांना नक्की काहीतरी दुर्धर आजार झालाय. दोघेतिघे तर फळांची पेटी घेऊन भेटूनही गेले.

आजारबिजार काही नव्हता. नागोयाच्या एका दंतवैद्याची ती वापरलेली गाडी ओगिसोंनी पाहिली आणि ते तिच्या प्रेमात पडले, पण बाहेरून नाही, आतून. गिअरच्या दांड्याभोवती, दोन सीटांच्या मधोमध, एक काळी झळझळीत पट्टी होती. तिरकं पाहिलं की तिच्यात बारीक चटईसारखी वीण दिसायची. दंतवैद्य म्हणाला होता की हे अस्सल कार्बन फायबर आहे, शर्यतीच्या गाड्यांत असतं ते. ओगिसोंनी पट्टीवरून एक बोट फिरवलं आणि इंजिनाचं झाकण न उघडताच गाडी घेऊन टाकली.

त्या पट्टीवर कुणी काही ठेवायचं नाही, असा नियम त्यांनी मनातल्या मनात केला होता. पहिल्याच दिवशी बायकोने, सुमिएने, बसताबसता तिच्यावर पर्स ठेवली. ओगिसोंनी पर्स उचलून तिच्या मांडीवर दिली, खिशातून रुमाल काढला आणि पट्टी पुसली, आधी लांबीत आणि मग रुंदीत. त्यानंतर सुमिए त्या गाडीत पुन्हा बसली नाही.

जुलै उजाडला आणि कचेरीच्या उघड्या वाहनतळावर गाडी दिवसभर तापायला लागली. एका संध्याकाळी ओगिसोंच्या लक्षात आलं की पट्टीचा मागचा कोपरा उचलला गेलाय, नखाएवढाच. त्यांनी तो अंगठ्याने दाबला. तो खाली बसला आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पुन्हा वर आला. मग हा रोजचाच उद्योग झाला. प्रत्येक लाल दिव्याला ओगिसो कोपरा दाबत आणि प्रत्येक हिरव्या दिव्याला कोपरा उठे. आठवड्याभरात वरचा चकचकीत थर उन्हात भाजलेल्या कातडीसारखा सुटायला लागला. त्याचे काळे पापुद्रे शर्टाच्या बाहीला चिकटून कचेरीत येत, आणि सह्यांच्या कागदांवर पडत. दुरुस्तीच्या दुकानात जायचं तर पट्टी अनोळखी माणसाच्या हातात द्यावी लागणार, तेही त्यांच्याने होईना. शेवटी त्यांनी एक झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी आणली आणि तिच्यावरच्या सूचना तीनदा वाचल्या.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, कचेरीच्या वाहनतळावर गाडीत बसूनच त्यांनी उचललेल्या कडेखाली डिंक सोडला. सूचनेत लिहिल्याप्रमाणे डावा तळवा पट्टीवर सपाट ठेवला आणि साठपर्यंत आकडे मोजले. आपल्या कामात कसर नको म्हणून आणखी साठ मोजले. डिंक तोवर कडेखालून बाहेर ओघळून, पापुद्र्यांच्या भेगांतून वर येऊन, तळव्याखाली शांतपणे पसरला होता. ओगिसोंनी हात उचलला. हात उठला नाही.

साडेआठला कचेरीची घंटा झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पाणीखात्याच्या प्रमुखांची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या हाताखालच्या किताझावाबाई शोधत खाली आल्या, तेव्हा साहेब गाडीत ताठ बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"साहेब, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. थोडं काम करतोय."

किताझावाबाई वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. पुढे काही विचारायचं नाही हे त्यांना कळत होतं. त्या वर गेल्या आणि शिक्का मारायचे कागद, शाईची डबी आणि साहेबांचा शिक्का घेऊन परत आल्या. ओगिसोंनी उजव्या हाताने, खिडकीतून, मीटर बदलायचे एकोणीस अर्ज मंजूर केले. त्यानंतर नळजोडणीचा एक तक्रारदार आला, त्याचंही म्हणणं त्यांनी खिडकीतून ऐकून घेतलं. जाताना तो म्हणाला की अशी सोय हवीच होती, जिना चढावा लागला नाही.

दहा वाजेपर्यंत मात्र सगळ्यांना कळलं. इंजिन चालू ठेवून आत गार हवा खेळती ठेवली होती, पण पेट्रोलचा काटा खाली येत चालला होता. सभागृहातला पडदा काढून कुणीतरी समोरच्या काचेवर घातला. अग्निशमन दलाचे दोघे बघून गेले. त्यांचं म्हणणं, मधला भाग स्क्रू काढून अख्खाच उचलता येईल. पण स्क्रू पट्टीच्या खाली होते आणि पट्टीच्या वर साहेब होते. मग करवत, असं त्यातला एक जण म्हणाला, आणि ओगिसोंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टोपी नीट करून निघून गेला. किताझावाबाईंनी कोमट साबणाचं पाणी सुचवलं. ते विणीत शिरेल म्हणून ओगिसो नको म्हणाले. पाणीखात्याच्या प्रमुखाने पाण्याला नाही म्हटल्याचं गावात पुढे बरेच दिवस सांगत होते.

औषधांच्या दुकानातून नखांचं पॉलिश काढायचं द्रव्य आलं. त्याने डिंक विरघळतो, दहा मिनिटांत हात मोकळा होईल, असं दुकानदाराने स्वतः येऊन सांगितलं. ओगिसोंनी बाटली मागून घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली परत केली.

"याने चकाकी जाते," ते म्हणाले.

"पण साहेब, हात..." किताझावाबाई पहिल्यांदाच जरा जोरात बोलल्या.

"हाताची कातडी पंधरा दिवसांत नवी येते. हे नवं येत नाही."

खरी अडचण दोन वाजताची होती. डोंगरावर नवी पाण्याची टाकी बांधून झाली होती. प्रांताच्या कचेरीतून मोठे अधिकारी येणार होते, आणि त्यांच्यासमोर झडप फिरवून पाणी सोडायचा मान ओगिसोंचा होता. किताझावाबाईंनी आणखी वाट पाहिली नाही. सुमिएला फोन केला.

सुमिए सायकलवरून आली. हातात ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या गोळ्यांचा, डबा आणि सातूच्या गार चहाची बाटली. तिने आधी खिडकीतून आत पाहिलं, नवऱ्याकडे आणि मग त्याच्या हाताकडे. हसली नाही. वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडलं आणि अकरा महिन्यांनी त्या सीटवर बसली. बसताना दोन्ही कोपरं अंगाशी आवळून घेतली होती.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

ओगिसोंनी ओनिगिरीचा घास घेतला. आतलं खारवलेलं आंबट उमेचं फळ दाताखाली आलं तसे त्यांचे डोळे बारीक झाले. काचेवरच्या पडद्यामुळे आत निळसर उजेड होता.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग ती बाटली का नको म्हणालात?"

ओगिसो पट्टीकडे बघत म्हणाले की मी आयुष्यभर पाइप बघतोय. पाइप जमिनीखाली असतो. तो चांगला आहे हे कुणाला दिसत नाही, फुटला की तेवढं दिसतं. ही एकच वस्तू अशी मिळाली, जी चांगली आहे आणि दिसतेही.

सुमिएने बाटलीचं बूच लावलं. "मीपण जमिनीखाली नव्हते," ती म्हणाली. "तुमच्या शेजारीच होते, या सीटवर. तुम्ही माझ्यासमोर रुमालाने पुसलंत."

ओगिसोंनी मान खाली घातली. हात जोडायचे तर एकच हात रिकामा होता. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला, जमेल तेवढं वाकले आणि चुकलं म्हणाले. वाकताना कपाळ हॉर्नवर टेकलं आणि हॉर्न वाजला. कचेरीच्या सगळ्या खिडक्यांत डोकी आली. आता मात्र सुमिए हसली, आणि हसतहसतच खाली उतरून म्हणाली की चिमुराबाईंना घेऊन येते.

चिमुराबाई एक्याऐंशी वर्षांच्या, गावातल्या सगळ्यात जुन्या लाखकारागीर. साठ वर्षं वाडगी, पेट्या आणि घरातले देव्हारे यांच्यावर लाखेचे थर चढवत आलेल्या. चिकटणं आणि सुटणं यातलं त्यांना कळत नाही असं काही उरलं नव्हतं. त्या आल्या, सुमिएच्या सीटवर गुडघे मोडून बसल्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि पट्टीला जवळजवळ नाक टेकवून पाहू लागल्या. मग नखाने वाजवून पाहिलं. मग वास घेतला.

"ओगिसो-सान, हे काय आहे म्हणालात?"

"कार्बन फायबर."

"विणलेलं?"

"हो. धागा वरून जातो, मग खालून जातो."

"इथे काही वरून जात नाही आणि खालून जात नाही," चिमुराबाई म्हणाल्या. "हे विणीचं चित्र आहे. छापील. मागे गोंद लावलेला कागद असतो ना, तसला प्लॅस्टिकचा. माझ्या नातवाने शौचालयाच्या दाराला लावलाय."

किताझावाबाईंनी हातातल्या फायलीकडे पाहायला सुरुवात केली. ओगिसोंनी भिंग मागून घेतलं आणि स्वतः पाहिलं. खूप वेळ पाहिलं. जवळून ती वीण म्हणजे नुसते ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. त्यांनी भिंग परत दिलं आणि हळूच म्हणाले, "छपाई चांगली आहे."

"छपाईला मी नाव ठेवलं नाही," चिमुराबाई म्हणाल्या.

पुढचं सोपं होतं. किताझावाबाईंनी कचेरीतून लांब वायर ओढून आणली, सुमिएने घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. चिमुराबाईंनी कडेपासून गरम वारा देत, बोथट सुरीने, एकेका बोटाएवढी पट्टी खालच्या प्लॅस्टिकपासून सोडवत नेली. मध्येच थांबून त्या घाई करू नका असं सांगत होत्या, खरं तर घाई कुणीच करत नव्हतं. शेवटी एकच सर्रकन आवाज झाला आणि ओगिसोंचा हात वर आला. तळव्याला पट्टी तशीच, अखंड, गिअरच्या दांड्याच्या भोकासकट. खाली उरलं होतं साधं करडं प्लॅस्टिक.

घड्याळात दोनला अकरा मिनिटं कमी होती. हात भिजवायला वेळ नव्हता. सुमिएने शिवणाच्या कात्रीने पट्टीचा लोंबणारा भाग बोटांच्या आकारात कापला, नवऱ्याचा टाय सरळ केला आणि त्याला कचेरीच्या गाडीत बसवलं.

टाकीच्या कार्यक्रमात भाषणं झाली, फीत कापली गेली. ओगिसोंनी दोन्ही हातांनी झडपेचं चाक धरलं आणि फिरवलं. घामाने कधीकधी हात निसटतो, आज डावा हात अजिबात निसटला नाही. पाणी धो धो आलं. जाड चष्म्याचे प्रांताचे अधिकारी टाळ्या वाजवतच जवळ आले आणि ओगिसोंच्या काळ्या तळव्याकडे पाहत राहिले.

"हा नवा हातमोजा कसला?"

ओगिसो आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "कार्बन फायबर," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं. फोटो प्रांताच्या पत्रिकेत आला. पुढच्या पंधरा दिवसांत तीन गावांच्या पाणीखात्यांनी फोन करून तो हातमोजा कुठे मिळतो ते विचारलं. किताझावाबाई शांतपणे सांगत की त्याची चाचणी अजून चालू आहे. चौथा फोन आला तेव्हा त्यांनी त्यासाठी एक वेगळी फाइलच उघडली.

हात गुरुवारी सुटला, आंघोळीच्या कढत पाण्यात, एकेक बोट करत. शेवटचा तुकडा ओगिसोंनी उजेडात धरून पाहिला आणि कचऱ्यात टाकला, प्लॅस्टिकच्या कचऱ्यात, धुऊन. चिमुराबाईंनी निरोप धाडला होता की हवं तर त्या करड्या भागावर खरी काळी लाख चढवून देते, मात्र लाख दमट हवेतच वाळते, त्यामुळे दमट कपाटात दीड महिना ठेवावं लागेल. ओगिसोंनी नम्रपणे नको कळवलं. सध्या आहे ते पुरे, असं ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते गाडीशी गेले तर सुमिए आधीच उजव्या सीटवर बसलेली होती. बहिणीकडे, इना शहरात, जायचं म्हणाली. तिचं लायसन्स लग्नाआधीचं होतं, आणि लग्नाआधी ती काय चालवत होती हे ओगिसोंनी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते निमूटपणे डावीकडे बसले, पट्टा लावला. गाव संपलं, घाटाचा चढ लागला, आणि गाडीतून एक आवाज निघाला जो त्यांनी अकरा महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता.

"पुढे वळण आहे," ओगिसो म्हणाले.

"दिसतंय," सुमिए म्हणाली आणि गिअर बदलला.