दोन तासांचं खमीर

पाववाल्या काकूंचं घड्याळाशी कधी पटलं नाही. पीठ फुगलं की नाही, हे त्यांना बोट लावून कळायचं. त्यामुळे तिकिटावर 'निघणे दहा, पोचणे बारा' एवढं वाचल्यावर त्यांनी पुढे कुणाला काही विचारलंच नाही. दोन तासांत ऐन भरात येईल अशा बेतानं त्यांनी कोमट पाण्यात खमीर मळलं, डब्यात भरलं आणि डबा मांडीवर घेऊन विमानात बसल्या.

खमीर साधंसुधं नव्हतं. लेक जन्मली त्या वर्षी काकांनी ते लावलं आणि रोज ताजं पीठ घालून मरेपर्यंत जगवलं. काका गेले, भट्टीही विकली. आता परमुलखात लेकीचं दुकान उघडत होतं आणि पहिला पाव बाबांच्याच खमिराचा काढायचा तिचा हट्ट होता. मागे चिमूटभरही उरलेलं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं या डब्यात.

विमान उडालं आणि वैमानिकानं जाहीर केलं, "आपला प्रवास सात तासांचा आहे."

"अहो, सात कसे? दहाला निघालो ना, बाराला पोचणार!"

शेजारचे टायवाले गृहस्थ हसले. "काकू, ते बारा तिथले. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाच तास मागे."

काकूंनी डब्याकडे पाहिलं. सात तासांत खमीर फुगणार, बसणार, आंबून मरणार. काकांनी जन्मभर जपलं आणि मारणार कोण, तर बायको! डब्याचं झाकण आत्ताच वर यायला लागलं होतं.

पण रडत बसणाऱ्या बाईनं कधी भट्टी चालवलेली नसते. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि हवाई सुंदरीला हाक मारली.

"पोरी, बर्फ आण. असेल तेवढा!"

"सोबत प्यायला काय देऊ, काकू?"

"प्यायला नको गं, नवऱ्याला थंड ठेवायचंय!"

टायवाल्यांना ठसका लागला. सगळं ऐकल्यावर मात्र त्यांनीच बर्फाची पिशवी डब्याभोवती धरली. काकूंनी पर्समधली पिठाची पुडी सोडली, समोरच्या फळीवर खमीर दाबून हवा काढली, नवं पीठ मळून पुन्हा थंडाव्यात ठेवलं. टाय पांढरा झाला. मागच्या रांगेतून चौकशी येऊ लागली, "काय म्हणतायत काका?" उतरायची वेळ जवळ आली तशी काकूंनी बर्फ काढला आणि डबा स्वेटरच्या आत पोटाशी घेतला.

बाहेर लेक धावत आली. मिठी राहिली बाजूला, आधी तिनं झाकण उघडलं. खमीर काठोकाठ फुगलं होतं. तिनं वास घेतला आणि तिथेच ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पहिलं गिऱ्हाईक टायवाले. "माझाही हात लागलाय म्हटलं," ते ऐटीत म्हणाले. लेकीनं गरम पाव मोडला, घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"आई, तोच गं. अगदी तोच."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "आणला की नाही तुझ्या बापाला जिवंत!"