साडेबाराची चाचणी

लकव्याच्या रुग्णांसाठीच्या आमच्या पथकात चार विद्यांची माणसं एकत्र काम करत होती, निदान निधीच्या अर्जावर तरी. फिजिओ, हाताची कामं शिकवणारा थेरपिस्ट, बोलणं शिकवणाऱ्या स्पीचवाल्या ताई आणि वर मोठे डॉक्टर. आकडे मी ठेवायचे. आज निधी देणारी समिती येणार होती आणि ताईंची जागा जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. सव्वीस रुग्णांपैकी एकोणीस जणांचं बोलणं सहा महिन्यांत सुधारलंच नव्हतं.

काल मी चाचण्यांच्या वेळा तपासल्या आणि डोकंच फिरलं. चालणं नऊला, हात साडेदहाला, बोलणं साडेबाराला. दर महिन्याला, प्रत्येकाचं. लकव्यातून उठलेल्या माणसाला साडेतीन तास पिळून काढायचं आणि मग विचारायचं, या चित्राला काय म्हणतात?

"क्रम बदलू या," सकाळी मी डॉक्टरांना म्हणाले.

"अगं, चालण्याचे आकडे उत्तम आहेत. पुढचा निधी त्यावरच आहे. उगाच काड्या घालू नकोस."

"आणि ताई?"

"त्यांना कुठेही नोकरी मिळेल."

मी तडक बाहेर गेले आणि आज चाचणीला आलेल्या टेलरकाकांच्या बायकोला सगळं सांगितलं.

नऊला समितीसमोर फिजिओने काकांपुढे काठी धरली. काकूंनी ती हिसकावून घेतली.

"आधी बोलतील ते. सकाळी माझ्याशी घसा फाडून भांडतात, आणि इथून घरी आले की पाणीसुद्धा बोटाने मागतात!"

"काकू, नियम असतात," डॉक्टर म्हणाले.

"नियम तुमचे. नवरा माझा."

काकांनी पन्नासांपैकी एक्केचाळीस चित्रं ओळखली. गेल्या महिन्यात सतरा. कात्रीचं चित्र बघून तर "बोथट आहे" असंही म्हणाले. नंतर चालायला मात्र त्यांना अकरा सेकंद जास्त लागले.

"घालवलास माझा आकडा!" डॉक्टर माझ्यावर खेकसले.

"तुमचा? पाय काकांचे, जीभ काकांची! तुमच्या आकड्यापायी एकोणीस माणसं मुकी ठरवलीत!"

समितीच्या अध्यक्षबाईंनी हात वर केला. ताईंची जागा सहा महिने राहील, सगळ्यांच्या चाचण्या क्रम बदलून पुन्हा होतील, निधीचं त्यानंतर बघू, असं सांगून त्या उठल्या.

मी ताईंकडे वळले. त्या हसत नव्हत्या.

"सहा महिने 'सुधारणा नाही' कोण लिहीत होतं?"

"मी."

"ते वाचून चौघांनी माझ्याकडे येणं सोडलं. त्यांचे नंबर काढ. आत्ता. आणि फोन तू करायचास."