पूजेचा फोन

भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या हार्डवेअरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेले की नरेश मोहाडीकरांची मोबाइल गेम बनवण्याची कचेरी लागे. त्या कचेरीत गेमची कोणतीही नवी आवृत्ती आधी एकाच फोनवर चालवली जाई. तो फोन नरेशच्या खुर्चीमागे फळीवर असे. विश्वकर्मा पूजेला लावलेले कुंकू त्याच्या पाठीवर वाळून घट्ट बसले होते आणि कमरेला लाल धागा होता. भिलाईत त्या दिवशी लेथपासून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते. या कचेरीत यंत्र म्हणावे असे फारसे काही नव्हते, म्हणून तो मान फोनला मिळाला.

फोन नरेशच्या वडिलांचा. श्यामराव कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मुलाच्या गेमची कच्ची आवृत्ती दिवसदिवस खेळत बसत. गेल्या वर्षी ते वारले तेव्हा त्यांचा डाव अर्धा राहिला होता. तेव्हापासून अशी रीत पडली, की नवी आवृत्ती त्या फोनवर टाकायची, उदबत्ती लावायची आणि गेम उघडायचा. श्यामरावांचा डाव होता तिथून पुढे सुरू झाला, की आवृत्ती निर्दोष समजायची.

उदबत्तीला कचेरीत काम करणाऱ्या गीतांजली बोरकुटेची हरकत नव्हती. ती भौतिकशास्त्र शिकली होती आणि धुराने निकाल बदलत नाही हे तिला ठाऊक होते. तिची हरकत एवढीच होती, की या सगळ्या विधीत तपासणी नावाची गोष्ट कुठेच होत नव्हती.

गेमचे नाव ‘यार्ड’. मालगाडीचे डबे सोडवायचे, योग्य रुळावर ढकलायचे आणि त्यांतून नवी गाडी जुळवायची. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या गीतांजलीने, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन गुलाबरावांच्या मुलीने, तो रचला होता. डबा उतारावर किती वेग घेतो, दुसऱ्याला भिडताना किती धक्का बसतो, हे सगळे गणित तिचे होते. त्या गणितावर कचेरीत कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो गेम पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, की नाही, यावर.

“नव्या फोनवर टाकला, नरेशभाऊ. उघडला का बंद पडते,” ती म्हणाली. “माझ्या फोनवरबी पडते. नागपूरले मामेबहिणीच्या फोनवरबी पडला.”

“म्हणजे आता नागपुरातबी बदनामी सुरू केली,” अभिनव स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. दुर्गच्या पद्मनाभपूरचा अभिनव कचेरीतला मुख्य प्रोग्रॅमर होता. गीतांजलीच्या आधी तो इथे लागला होता आणि हे तो तिला विसरू देत नसे.

“इथं तं चालून राहिला,” नरेशने मान फळीकडे वळवली. “सकाळीच पाह्यला मी. बाबांच्या फोनवर एकदम मक्खन.”

“हिचे फोन भंगार आहेत, भैया. और वैसे भी, पडते कुठं? डब्यांच्या फाईलमधे. ते फाईल कोनाची? हिचीच.”

हे खरे होते आणि निरुपयोगी होते. प्रेत जिथे सापडले तिथेच खून झाला, असे पोलिसही धरून चालत नाहीत.

प्रकार मुळात साधा होता. प्रोग्रॅममध्ये ‘इंजिन’ असे नाव लिहिले म्हणून इंजिन होत नाही. नाव म्हणजे एक रिकामी जागा. वस्तू कोणीतरी मुद्दाम घडवून तिथे ठेवावी लागते. ती ठेवण्याआधी कोणी त्या जागेला ‘तू कुठे उभा आहेस’ असे विचारले, तर उत्तर द्यायला तिथे कोणी नसते आणि गेम जागच्या जागी बंद पडतो. गीतांजलीच्या क्रमात इंजिन आधी घडे आणि मग डबे त्याला जागा विचारत. गेम लवकर उघडावा म्हणून अभिनवने उन्हाळ्यात हा क्रम उलटा केला. फोनमध्ये जुना डाव साठवलेला असला, तर त्यातून इंजिन आयते मिळे आणि काही बिघडत नसे. नव्या माणसाच्या फोनमध्ये जुना डाव कुठून असणार? तिथे डबे शून्याला प्रश्न विचारत.

पूजेच्या फोनमध्ये मात्र श्यामरावांचा डाव अखंड होता. हा दोष ज्या फोनवर जन्मात दिसणार नाही, नेमका तोच फोन यांनी परीक्षेला बसवला होता.

“क्रम तू बदलवला,” गीतांजली अभिनवला म्हणाली. “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“तू तं हर गोष्टीवर म्हणते. तुझा धंदाच तो हाय.”

“दोन ओळी वर न्यायच्या आहेत, नरेशभाऊ. करू द्या मले.”

“बाबांच्या फोनवर जे चालून राहिलं त्याले हात नाई लावायचा.” नरेशचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडणे अवघड होते. “ऐक आता. दुपारी रायपूरच्या शिल्पा मॅडम येऊन राहिल्या. त्याइले पसंत पडलं तं त्याइची कंपनी गेम बाजारात आणन. त्याइच्यासमोर यार्ड पडला, तं यार्ड तुझ्याकडून काढतो अन् अभिनवले देतो. मंग तू पडद्यावरची बटनं लिहीत बस.”

तो बोलला तसे करणारा माणूस होता.

गीतांजलीने विचार केला तो असा. फोन चांगला की डाव चांगला, हे दोन्ही एकत्र असताना कळणार नाही. ते वेगळे करावे लागतील. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पूजेच्या फोनवरचा डाव पुसणे. पण मेलेल्या माणसाचा अर्धा डाव पुसण्याचा तिला अधिकार नव्हता. शिवाय उलट बाजूने केलेला प्रयोगही तितकाच पक्का ठरला असता. तिने त्या डावाची नक्कल आपल्या फोनवर घ्यायची परवानगी मागितली.

“हात धुऊन ये,” नरेश म्हणाला.

ती हात धुऊन आली. नक्कल करून तिने आपल्या फोनवर गेम उघडला. गेम उघडला आणि वरच्या पाटीवर ‘श्यामराव’ हे नाव आले. तिने डाव काढून टाकला, तसा गेम पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा चालला.

“फोन तोच आहे,” ती म्हणाली. “डाव ठेवला तं चालते, काढला तं पडते. फोनचा काही संबंध नाई.”

नरेश बराच वेळ पाटीवरचे नाव पाहत राहिला. त्याला पटले, असे तिला वाटले. ही तिची त्या दिवशीची एकमेव चूक होती.

“म्हणजे बाबांचा डाव असला का चालते.”

“हो.”

“मंग सगळ्याइलेच देऊन टाक ना.”

तिला क्षणभर अर्थ लागला नाही. अभिनवला लगेच लागला.

“सही है, भैया. डाव गेमच्या आतच भरून टाकतो. ज्याच्या फोनवर जाईन, त्याच्यावर चालन.”

“अन् एखाद्याले आपला नवा डाव सुरू करायचा असला तं?”

“ते बटन आज लपवून ठेवतो.”

“आजच्यापुरतं?”

“तुले मॅडमसमोर चालवायचा आहे का भांडायचं आहे?” अभिनव म्हणाला आणि कामाला लागला.

पुरावा तिने जमवला होता आणि तो तिच्याविरुद्ध वापरात आला होता. प्रयोग अचूक होता, हीच त्यातली अडचण.

शिल्पा मॅडम दुपारी आल्या. पन्नाशीच्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी पूजेचा फोन नम्रपणे बाजूला सारला आणि गेम स्वतःच्या फोनवर टाकायला सांगितला. तो उघडला. नरेशने सुटकेचा श्वास सोडला, तो भिंतीशी उभ्या असलेल्या गीतांजलीला ऐकू आला.

“ये श्यामराव कौन हैं?”

“मेरे पिताजी,” नरेश म्हणाला.

“तो मैं इनका खेल खेल रही हूँ?”

“जी. आशीर्वाद समझिए.”

“आशीर्वाद ठीक है. मेरा अपना खेल कहाँ से शुरू होगा?”

“मॅडम, वो फाइनल में आएगा,” अभिनव म्हणाला.

शिल्पा मॅडमनी मान वर केली आणि भिंतीकडे पाहिले. “आपने बताया नहीं, आप क्या करती हैं.”

“यार्ड मैंने बनाया है.”

“फिर आप ही बताइए. नया खेल चलता है?”

नरेश तिच्याकडे पाहत होता. धमकी देण्याची गरज नव्हती. किंमत सकाळीच सांगून झाली होती. ‘चलता है’ या दोन शब्दांत यार्ड तिचा राहिला असता. लोकांच्या हातात जाताच पहिल्या स्पर्शाला पडला असता, तेव्हाही तो तिचाच म्हटला गेला असता, आणि तिने तोंडाने काहीही सांगितले तरी त्या रिकाम्या जागेत इंजिन येणार नव्हते.

“नहीं चलता,” ती म्हणाली. पुढे होऊन तिने सेटिंग उघडून दाखवली. शेवटच्या ओळीत ‘डाव पुसा’ असे होते. ते लपवायचे अभिनवच्या ध्यानात राहिले नव्हते. “इसे दबाइए.”

शिल्पा मॅडमनी दाबले. पडदा काळा झाला आणि गेम बंद पडला.

त्या रागावल्या नाहीत. “वजह मालूम है?”

“मालूम है.”

“कितनी देर का काम है?”

“चाय आने तक का.”

“तो अब तक हुआ क्यों नहीं?”

खाली दुकानात कोणीतरी लोखंडी पत्रा ओढत नेत होते. नरेशने खिडकीतून वाकून चहा सांगितला, मग वळून, पाहुणीला कळू नये अशा बेताने मराठीत म्हणाला, “सांगतलं होतं तुले. उठव तुझं सामान त्या टेबलावरून. अभिनव, यार्ड आता तुझा. कर दुरुस्त.”

अभिनव तिच्या खुर्चीवर बसला. कोणत्या दोन ओळी, हे त्याला विचारावे लागणार नव्हते. त्यानेच त्या खाली आणल्या होत्या. पण आता त्या वर नेल्या, की कोणी काय बदलले याच्या नोंदीत त्याच्याच नावाखाली त्याचाच दोष दिसणार होता. त्याने कर्सर त्या ओळींवर नेला आणि बाजूला काढला.

“तुले माहीत आहे,” गीतांजली म्हणाली.

“तू बोलू नको.”

त्याने ओळी वर नेल्या. चहा आला तेव्हा शिल्पा मॅडमच्या फोनवर नवी आवृत्ती चढली होती, आत कोणाचाही डाव नसलेली. रिकाम्या रुळांवर इंजिन उभे होते आणि मागे डबे ओळीने लागले होते. मॅडमनी पाटीवर स्वतःचे नाव घातले, पहिलाच डबा भलत्या रुळावर सोडला आणि तो समोरच्या डब्यावर आदळला तेव्हा फोन हातात थरारला.

“धक्का तो सच में लगता है,” त्या हसल्या. “ये इन्होंने बनाया है ना?”

“बनाया था,” नरेश म्हणाला. “अब अभिनव देखेगा.”

शिल्पा मॅडमनी तिघांकडे एकेकदा पाहिले. “वो आप लोग जानें. मुझे यही वाला भेज दीजिए.” चहा संपवून त्या गेल्या. घरातल्या भांडणात पडायला त्या रायपूरहून आल्या नव्हत्या.

“उद्यापासून बटनं,” नरेश म्हणाला. “राग डोक्यात ठेवू नको. काम झालं ना?”

“झालं.” गीतांजली चार्जर गुंडाळत होती. “बटनांसाठी दुसरं मानूस पाहा.”

“धमकी देऊन राहिली काय?”

“नाई. सांगून राहिली.”

“कोन ठेवणार हाय तुले इथं? भिलाईत गेम बनवते कोन?”

“कोनीच नाई,” ती म्हणाली, कारण ते खरे होते.

अभिनव अजून तिच्याच खुर्चीवर होता. त्याने डब्यांची फाईल उघडली होती आणि ती वरपासून खाली, मग खालून वर सरकवत होता. “उताराचा वेग कमी करायचा असला,” तो न राहवून म्हणाला, “तं यातला कोनता आकडा...”

“तिले विचारू नको,” नरेश म्हणाला.

गीतांजलीने पिशवी खांद्याला लावली आणि ती लोखंडी जिना उतरू लागली. पत्रा ओढण्याचा आवाज थांबला होता, त्यामुळे वरचे बोलणे अर्ध्या जिन्यापर्यंत नीट ऐकू येत होते. अभिनव पुन्हा तेच विचारत होता. या वेळी नरेशला.