रूट सातचं निधन

ओडेल गावच्या शाळेची सात नंबरची बस नेडीन फाउट्स एकोणीस वर्षं चालवत होती. एवढ्या काळात ती एकाही मुलाला बाहेर विसरली नव्हती आणि एकालाही आत विसरली नव्हती. इंडियाना राज्यात यासाठी कुणी पुतळा उभारत नाही. पण हार्मन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, तिथं तिचा पुतळा उभारायचाच काय तो बाकी होता. फक्त तिथं तिला नेडीन म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिथं ती ‘रूट सात’ होती. कट्ट्यावरच्या साडेचार हजार माणसांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की रूट सात हा साठीचा, दाढीवाला, मोजकं बोलणारा ट्रकवाला आहे. सगळे त्याला सातभाऊ म्हणायचे. नेडीन हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. कुणी एवढ्या प्रेमानं हाक मारत असेल तर दाढी असली काय, नसली काय.

संघाचं नाव होतं पाणमांजरं. त्या भागात पाणमांजर कुणी पाहिलेलं नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत संघाला जिंकतानाही फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे खेळापेक्षा वाद जास्त चालायचा, आणि त्या वर्षीचा वाद एकच होता: कॉलेजनं आपल्या भागातल्या शाळांची पोरं घ्यावीत की बाहेरून आणावीत?

“मातीतली पोरं घ्या!” असं ‘तिसरी रांग’ नावाचा गृहस्थ रोज सकाळी लिहायचा.

“मातीतली पोरं बुटकी निघतात,” डॉक्टर डंक उत्तर द्यायचे. डॉक्टर डंक हे कट्ट्याचे चालक. खऱ्या आयुष्यात दात काढायचे.

“आणि तुमचा तो लिथुआनियाचा? चालू मॅचमध्ये आईची आठवण काढून रडत होता!”

“रडत होता, पण रिंगवरून उसळलेले रिबाउंड घेत होता. तुमचं गावचं पोरगं हसत हसत बॉल सोडतं.”

“भांडू नका रे. सातभाऊ, तुम्ही सांगा.”

मग सातभाऊ सांगायचे. शाळेच्या मॅचला टेबलावर बसून गुणांची वही लिहायचं काम नेडीनकडे होतं, त्यामुळे सातभाऊंचं सांगणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ‘थेरन ग्रेबर. उंची सहा फूट दहा. कालचे गुण एकवीस, रिबाउंड चौदा. फ्री थ्रो अकरापैकी दहा. अकरावा हुकला, कारण बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याला शिंक आली.’ खाली दीडशे लोक टोपी उडवल्याची चित्रं टाकायचे.

हा थेरन तिच्याच बसमधून यायचा. सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या बसनं येतो म्हणजे तिकडे नाक कापल्यासारखंच. पण घरच्या गाडीत बसला की त्याचे गुडघे कानाला लागायचे आणि वळणावर काही ऐकू यायचं नाही. बसमध्ये तो पहिल्या सीटवर बसून पाय थेट दाराच्या पायऱ्यांपर्यंत सोडायचा. पहिलीतली मुलं येताजाता त्यावरून उड्या मारायची. ग्रेबरांचं टर्की पाळायचं फार्म हा शेवटचा थांबा. आधीच्या थांब्यावर होबार्टांची जुळी उतरली की पुढची अकरा मिनिटं बसमध्ये दोघंच. त्या अकरा मिनिटांत नेडीन जेवढं बोलायची तेवढं बाकीच्या दिवसभरात बोलायची नाही, टोस्टरशी केलेलं बोलणं धरूनही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यात वीज कंपनीचा ट्रक आडवा उभा होता. खांबावर एक माणूस चढलेला. बस थांबली.

“मावशी, मला हे करायचंय,” थेरन म्हणाला.

“काय? रस्ता अडवायचाय?”

“खांबावर चढायचंय. कंपनी शिकाऊ म्हणून घेतेय. फॉर्म भरलाय मी.”

“तुला चढायला कशाला पाहिजे? नुसता उभा राहा.”

तो हसला नाही. “बॉल सोडणार आहे मी. हार्मनला नाही आणि कुठंच नाही. सगळे बघत असतात ना, मावशी... प्रत्येक मॅचच्या आधी ओकतो मी. खांबावर कोण बघतंय?”

वरचा माणूस खरोखरच एकटा होता. त्याच्याकडे एक कावळासुद्धा बघत नव्हता.

“बापाला सांगितलंस?”

“पुढच्या बुधवारी सांगेन, टोप्यांच्या वेळी. तोवर कुणाला बोलू नका हं. तुम्हाला एकट्यांनाच सांगितलंय.”

टोप्यांची वेळ म्हणजे तिकडची मुंजच. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडतात, त्यावर मागणी घातलेल्या कॉलेजांच्या टोप्या ठेवतात. मुलगा त्यातली एक डोक्यावर चढवतो आणि त्या कॉलेजचा होतो. आया रडतात, बाप टाय घालतात.

नेडीननं मान हलवली. ‘एकट्यांनाच’ एवढा एक शब्द तिनं घरी नेला आणि संध्याकाळभर पुरवून पुरवून वापरला.

तिकडे कट्ट्यावर आग लागली होती. विद्यापीठाच्या छोट्या विमानाचा नंबर कट्ट्यावरच्या प्रत्येकाला आपल्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगला पाठ होता. ते विमान कुठं उडतं, कुठं उतरतं, याचा नकाशा लोक ऑफिसात उघडून बसायचे, कारण प्रशिक्षक ज्या गावी उतरला तिथलं पोरगं घेणार हे ठरलेलं. मंगळवारी विमान ओडेलजवळच्या धावपट्टीवर उतरलं. त्यातून उतरलेल्या माणसाला घेऊन एक गाडी ग्रेबरांच्या फार्मवर गेली. तिथं दोन तास थांबली.

“दोन तास! करार झाला!” तिसऱ्या रांगेनं लिहिलं. “मातीचा विजय असो!”

विमानातून आलेला माणूस विद्यापीठाचा टर्कीच्या रोगांचा तज्ज्ञ होता. नेडीननं त्याला बसमधून पाहिलं होतं. पांढरा झगा घालून तो एका पक्ष्याच्या घशात टॉर्च मारत होता. तिनं तसं प्रामाणिकपणे लिहिलं. साडेचार हजार माणसं पोट धरधरून हसली. सातभाऊ विनोद करतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

“हसून झालं,” गुरुवारी डॉक्टर डंकनी लिहिलं. “आता खरं सांगा भाऊ. पोरगा येतोय की नाही?”

नेडीन चाळीस मिनिटं त्या प्रश्नासमोर बसली. हो लिहावं तर खोटं, नाही लिहावं तर थेरनचा विश्वास गेला. शेवटी तिनं लिहिलं, ‘मला माहीत नाही.’

सहा वर्षांत सातभाऊंनी हे वाक्य कधी लिहिलं नव्हतं. कट्टा फिरला. भाऊ फुटले. भाऊंना पलीकडच्या कॉलेजनं गाठलं. भाऊ पहिल्यापासूनच त्यांचे होते, ती ट्रॉम्बोनवाल्याची शिंक हाच पुरावा! माहिती दडवणाऱ्याला कट्ट्यावर जागा नाही असा नियम होता आणि तो मोडून बघायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. कट्ट्याच्या सोडतीत सातभाऊंना एकदा स्वेटर लागला होता, तो ‘एन. फाउट्स, ओडेल’ या पत्त्यावर पाठवला होता. डॉक्टरांनी तो पत्ता शोधून काढला.

शनिवारी दुपारी दारात दोन माणसं उभी. एक पांढरेशुभ्र दात असलेला, दुसरा सत्तरीचा, गळ्यात पाणमांजराचं चित्र असलेला मफलर. डॉक्टर डंक आणि तिसरी रांग, हे नेडीननं लगेच ओळखलं.

“फाउट्स आहेत का घरात?” दातवाल्यानं विचारलं.

“मीच.”

“तसं नाही, वहिनी. भाऊ.”

नेडीननं तोंड उघडलं. ‘मीच तो,’ असं दोन शब्दांचं वाक्य होतं. पण त्याच्या पाठोपाठ ‘मग सांगा, येतोय का पोरगा,’ हा प्रश्न दारातून आत शिरला असता, आणि तोंडावर खोटं बोलणं तिला जमत नसे. निदान त्या वेळेपर्यंत तरी तिचा तसा समज होता.

“बाहेर गेलेत,” ती म्हणाली. “येतील.”

दोघं वाट बघायला आत आले. नेडीनला नवरा कधीच नव्हता. एक व्हायचा होता, पण त्याला ॲरिझोनाची हवा मानवली. स्वयंपाकघरात खुर्ची एकच होती.

“भाऊ कशावर बसतात?” तिसऱ्या रांगेनं विचारलं.

“ते उभ्यानं जेवतात.”

दोघांनी एकमेकांकडे आदरानं पाहिलं. खुंटीवरची टोपी डॉक्टरांनी दोन्ही हातांनी उतरवून पाहिली आणि परत ठेवली. नेडीननं साखर-सायीची पाई, म्हणजे तिकडची भट्टीत भाजलेली गोड पोळी, कापली. दोघं उभ्यानंच खात राहिले.

“तुम्हाला या खेळातलं कळतं का, वहिनी?”

“नाही.”

मग दोन तास त्या दोघांनी तिला बास्केटबॉल समजावून सांगितला. मिठाची बरणी म्हणजे बचाव, मिरपुडीची म्हणजे हल्ला. तिसऱ्या रांगेनं मिरपूड चुकीच्या बाजूनं नेली तेव्हा नेडीनचा हात आपोआप पुढे झाला. तिनं तो मागे घेऊन त्याच हातानं पाईचा तुकडा वाढला. त्या घरात एवढे आवाज कधी झाले नव्हते. ती अधूनमधून “अगं बाई!” म्हणत होती आणि मनातून तिला वाटत होतं, हे असंच चालावं, नवरा कधीच येऊ नये.

“आता किती वेळ लागेल त्यांना?” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “वहिनी, स्पष्ट बोलतो. सोमवारपर्यंत भाऊंनी तोंड उघडलं नाही तर त्यांचं नाव कापावं लागेल. मला आवडत नाही, पण नियम आहे. तुमच्याजवळ काही बोलले असतील तर तुम्हीच सांगा. पोरगा येतोय?”

तिसऱ्या रांगेनं खायचं थांबवलं. “सांगा हो वहिनी. मी तीस वर्षं वाट बघतोय. आपल्या मातीतलं एक तरी पोरगं.”

त्याच्या मफलरला साय लागली होती. नेडीनला ती पुसावीशी वाटली. त्याला सगळं सांगूनही टाकावंसं वाटलं.

“ते वारले,” ती म्हणाली.



“कधी?”

“मंगळवारी.”

“पण... तुम्ही म्हणालात बाहेर गेलेत. येतील म्हणालात.”

“मला अजून सवय झाली नाही.”

तिसऱ्या रांगेनं ताटली खाली ठेवली. डॉक्टर मात्र हिशोबी माणूस. “वहिनी, पण गुरुवारी भाऊंनी कट्ट्यावर लिहिलंय. ‘मला माहीत नाही’ असं.”

“ते मी लिहिलं.”

दारातलं ‘मीच’ सोडलं तर त्या दुपारी तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. डॉक्टरांचा चेहरा उजळला, मग पडला. “तरीच!” ते म्हणाले. “तरीच म्हटलं, भाऊंनी असं लिहिणं शक्यच नाही.” आणि टर्कीच्या तज्ज्ञाचा तो विनोद कुणी केला, हेही त्यांच्या लक्षात आलं. दुःखात माणसाचं डोकं फिरतं, असं त्यांनी तिसऱ्या रांगेच्या कानात सांगितलं.

जाताना दोघांनी टोप्या काढल्या होत्या.

रविवारपर्यंत कट्ट्यावर श्रद्धांजलीचे सहाशे बारा संदेश जमले. केंटकीतल्या एका बाईनं लिहिलं की भाऊंच्या एका ओळीमुळे तिचा घटस्फोट टळला. ओळ बचावाबद्दलची होती. एकानं भाऊंच्या आठवणीत आपला ट्रक धुतला. नेडीननं सगळे संदेश वाचले, काही दोनदा. तिला प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं, पण डॉक्टरांनी रूट सातचं खातं मानानं बंद करून त्यावर काळी फीत लावली होती. तिनं नव्या नावानं खातं काढलं. नव्या सदस्यांना पहिले शंभर दिवस नुसतं वाचता येतं, असं त्यावर लिहून आलं.

बुधवारी जिममध्ये थेरन टेबलामागे बसला. समोर तीन टोप्या, मागे टाय घातलेला बाप, खांद्यावर बापाचा हात. बॉल सोडतोय हे थेरननं चार वाक्यांत सांगितलं आणि मग वेळेवर कचऱ्याचा डबा गाठला. ओकण्याचं सांगितलं होतं ते खरं निघालं. बापानं हात काढला नाही, फक्त तो जड झाला. थोड्या वेळानं त्यानं तिन्ही टोप्या एकात एक घातल्या आणि म्हणाला, “चल घरी.”

त्या संध्याकाळी कट्ट्यावर एकच सूर होता: बरं झालं, हे बघायला भाऊ नाहीत.

पुढच्या आठवड्यापासून वीज कंपनीनं थेरनला शाळेनंतर काम शिकायला बोलावलं. बापानं फार्मचा जुना ट्रक दिला, सीट काढून मागे बसवून. बसच्या शेवटच्या थांब्यावर आता कुणी उतरत नव्हतं. तरी रस्ता तिथंच वळत असल्यामुळे नेडीनला तिथपर्यंत जावंच लागायचं. पहिलीतली मुलं पहिल्या सीटजवळ आली की सवयीनं उडी मारायची.

शनिवारी मॅच संपल्यावर फोन वाजला.

“वहिनी, डॉक्टर बोलतोय. जेवलात का?”

“जेवले.”

“म्हटलं, निकाल कळवावा. भाऊ असते तर त्यांना कळलाच असता. हरलो आपण. म्हणजे बघा, ज्याचे गुण जास्त तो जिंकतो.”

“असं होय.”

“तिसरी रांग अंथरूण धरून आहे. त्या ग्रेबरच्या पोरानं खचवलं त्याला. दमच नव्हता हो पोरात. भाऊ एवढे पारखी, पण फसले.”

नेडीन फोनची वायर बोटाला गुंडाळत होती. ती थांबली.

“ते फसले नव्हते,” ती म्हणाली. “ते म्हणायचे, पोरगं प्रत्येक मॅचच्या आधी ओकतं आणि प्रत्येक मॅच खेळतं. याहून दम तो कसला?”

“म्हणजे भाऊंना ते आधीच माहीत होतं?”

“होतं.”

“पोरगा सोडणार हेसुद्धा?”

“तेसुद्धा.”

“आणि आम्हाला बोलले नाहीत?”

“पोरानं सांगू नका म्हटलं होतं.”

डॉक्टरांच्या मागे कुठंतरी भांडी वाजत होती, मुलं भांडत होती. “वहिनी,” ते हळू आवाजात म्हणाले, “आम्ही काढून टाकलं असतं त्यांना.”

“त्यांना माहीत होतं.”

“तरी?”

“तरी.”

“बाप रे,” डॉक्टर म्हणाले. मग, “अजून काय काय म्हणायचे हो ते?”

नेडीननं श्वास घेतला. पण पलीकडून एका बाईची हाक ऐकू आली, की वाढलंय, थंड होतंय. डॉक्टरांनी घाईनं काळजी घ्या म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की करतो म्हटलं, आणि फोन ठेवला.

ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. नवऱ्याला अजून बरंच बोलायचं होतं.