तेवीस गाठींचं लुगडं

ही गोष्ट २०२३ सालच्या फाल्गुनातली. शहराचं नाव कागदोपत्री नुकतंच बदललं होतं. पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर चढत होतं आणि जुन्या माणसांच्या तोंडात अजून औरंगाबादच येत होतं. सिडकोतल्या एन-सातमध्ये मात्र त्या दिवसांत सगळ्यांना एकच घोर होता, पाणी कधी येणार. आठव्या दिवशी यायचं, कधी नवव्या. सकाळी येईल की भर दुपारी, ते नळालाच ठाऊक.

गल्लीतल्या अर्ध्या घरांसाठी तो दिवस पारूबाई ध्यानात धरून ठेवायच्या.

पारूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. मूळचं घर देवगाव रंगारीचं. नवरा सर्जेराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मुलगा अतुल वाळूजला एका कंपनीत, सून रूपा घरीच शिकवण्या घेणारी. या सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवायचं काम पारूबाईंकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. सर्जेरावांच्या गोळ्या, गॅसची टाकी लावल्याचा दिवस, शेजारच्या अमृताची जास्तीची किल्ली, लासूर स्टेशनच्या नणंदेची दवाखान्याची तारीख, कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध.

शाळा चौथीपर्यंत झालेली. लिहून ठेवायची सवय नव्हती, म्हणून त्या पदराला गाठ मारायच्या. पण पातळ रोज बदलतं. आंघोळ झाली की कालच्या पदराच्या गाठी आजच्या पदराला मारत बसायचं, तोवर इकडे चहा उतू. शेवटी त्यांनी आईचं जुनं लुगडं त्या कामाला लावलं. विटकरी रंगाचं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. उन्हाळ्यात त्या तेच पांघरायच्या. त्याच्या काठाला एकेक गाठ बसत गेली. काम झालं की गाठ सोडायची, पण एक सुटेपर्यंत दोन नव्या बसायच्या. त्या फाल्गुनात तेवीस गाठी होत्या.

असलं पांघरूण घेऊन झोप कसली लागणार! कूस बदलली की एखादी गाठ बरगडीला लागायची, आणि लागली की ती कुणाची हे आठवत पडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप नाही म्हणून रक्तदाब चढतो, रात्री नाही तर दुपारी तरी दोन तास डोळा लावा.

"दुपारी?" पारूबाई घरी येऊन म्हणाल्या. "आन् दुपारी पाणी आलं म्हंजे?"

"मी हाय ना," सर्जेराव म्हणाले.

"तुमाला सोताची गोळी आठवत नाय."

"अगं पारू, मी तीस वर्षं गाडीत लाखभर माणसं चढवली न उतरवली. एकालाबी घरी आणलं नाय. तू सगळ्यांना उशाशी घेऊन निजती."

त्या तेविसांतल्या बावीस गाठी कामाच्या होत्या. एक मात्र चौदा वर्षांची होती, सगळ्यांत पहिली. इतकी आवळलेली की चिंचोक्यासारखी टणक झालेली.

ती गाठ आशाबाईची होती. आशाबाई ही पारूबाईंची पाठची बहीण, बिडकीनला दिलेली. २००९ साली अतुलचं लग्न झालं, तेव्हा हिने आठ दिवस आधी येऊन हळद फोडली, मांडवाखालची चूल सांभाळली, रात्र रात्र जागली. मानाच्या साड्या वाटताना एकेकीचं नाव पुकारलं, आणि मावशीचं नाव राहिलं. कारण एवढंच, की पारूबाईंनी तिच्यासाठी सगळ्यांत चांगली साडी घेतली होती आणि ती इतरांत मिसळू नये म्हणून वेगळ्या पेटीत तळाशी ठेवली होती. आशाबाई टेम्पोत बसून गेली. चौथ्या दिवशी पेटी उघडली आणि पारूबाईंनी कपाळावर हात मारला.

तेव्हाच नेऊन दिली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण लाज वाटली. म्हणाल्या, पंचमीला देऊ. पंचमीला वाटलं, आता दिवाळीला. दिवाळीला आशाबाई आली, लाडू खाऊन गेली, साडीचा विषय तिनेही काढला नाही. जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड झालं. परत काही विसरायचं नाही म्हणून पारूबाईंनी गाठी मारायला सुरुवात केली ती पेटी उघडली त्या दिवसापासून.

तर पाडव्याला नऊ दिवस राहिले होते. गल्लीतल्या कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली होती. पारूबाई सर्जेरावांबरोबर डोळे दाखवायला गेल्या होत्या आणि नेमकं त्या दिवशी सकाळी पाणी आलं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. रिक्षातून उतरल्या तेव्हा गेटपाशी कडुलिंबाचा झुपका तेवढा ओळखू आला, आणि वरून आवाज आला.

"आक्का, गोदड्या धुतल्या गं सगळ्या! वर ये!"

आशाबाई आली होती. नवा गहू आणि फोडलेल्या चिंचेचा गोळा घेऊन सकाळच्या बसने आली, बघते तर रूपा एकटी, नळ चालू आणि अंगणात पांघरुणांचा ढीग. तिने पदर खोचला आणि सणाआधीचं सगळं धुणं दुपारपर्यंत उरकून टाकलं.

पारूबाई कठडा धरून गच्चीवर गेल्या. डोळ्यांपुढे रंगीत ढग नुसते. हाताने चाचपत दोरीपाशी आल्या. लुगडं त्यांच्या बोटांनी ओळखलं. मग काठ शोधला. काठ सरळ लागला. आणखी पुढे गेल्या. काठ सरळच.

"गाठी कुठं हायेत?"

"सोडल्या की," आशाबाई म्हणाली. "दातांनी सोडल्या, माझी दाढ दुखायली. आईचं लुगडं हाय ते आक्का. असं बांधून घालतात व्हय?"

"आशे!" पारूबाई तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या. "अगं, माझं सगळं त्याच्यात होतं."

रूपा जिना चढून धावत आली. "आई, मी मावशींना म्हटलं होतं हो, की राहू द्या..."

"तिनं सांगितलं मला. मीच ऐकलं नाय," आशाबाई म्हणाली. "गाठीत मळ ऱ्हातो. पाडव्याला मळकं पांघरायचं का? सांग ना काय काय होतं, आत्ता परत मारू."

पारूबाई आठवायला लागल्या. लासूरची तारीख. अमृताची किल्ली. गॅस. रूपाच्या शिकवणीतली सायली, तिच्या आजीला हळदीकुंकवाचं बोलावणं. नऊ झाल्या, दहा झाल्या. पुढे काही केल्या येईना. उरलेल्या गाठी कुणाच्या होत्या, देव जाणे. रूपाने तोंडाला पदर लावला. हसू येतंय की रडू, तिलाच कळेना.

"तेरा माणसं बेवारस झाली," सर्जेराव जिन्यातून म्हणाले.

"तेरा नाय, बारा," आशाबाई म्हणाली. "एक सुटलीच नाय." तिने लुगड्याचं टोक ओढून बहिणीच्या हातात दिलं. "ही कुणाची गं एवढी आवळलेली? दगड हाय नुसता."

पारूबाईंच्या बोटांत तो चिंचोका आला. समोर आशाबाईचं तोंड नीट दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच जमलं. दिसलं असतं तर पुन्हा दिवाळीवर गेलं असतं.

"तुझी हाय," त्या म्हणाल्या.

आणि मग लग्न, पेटी, साडी, पंचमी, दिवाळी, सगळं सांगितलं. सर्जेराव अर्ध्या जिन्यातच थांबले.

"व्हय, राग होता मला," आशाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? टेम्पोत रडले मी बिडकीनपस्तोर. दोन वर्षं तुझ्या घरचं पाणी गोड लागलं नाय. आले तरी दाजींसाठी आले असं मनाला सांगायची. मग एका पावसाळ्यात आमची म्हैस अडली, तीन दिवस तिच्यामागं होते. रेडकू झालं न राग कुठं गेला, कळलंच नाय. नंतर आठवून आठवून आणायचा म्हणलं, तरी येईना."

"बारा वर्षं झाली की मग त्याला!"

"मंग! आन् तू हे पांघरून निजती व्हय अजून? येडी का काय आक्का तू?"

आशाबाईने दाभण मागवलं. पारूबाईंना दिसत नव्हतं, म्हणून दाभण तिने धरलं आणि कापड पारूबाईंनी ताणलं. दोघींनी मिळून ती गाठ उकलली. कापड तिथे चुरगळून पांढरं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेटीतून साडी निघाली. मोरपंखी, लाल काठाची. आशाबाईने उलगडली तशी ती घडीघडीवर फाटत गेली. चौदा वर्षं तळाशी राहून सगळ्या घड्या कुजल्या होत्या. पारूबाईंचा चेहरा पडला.

"बरं झालं," आशाबाई म्हणाली. "ह्या वयात मोर नेसून कुठं मिरवू? वाकळ शिवू हिची. खाली आईचं लुगडं, वर ही, मधी काय नको. पातळशी, उन्हाळी."

ती त्यासाठी पाडव्यापर्यंत राहिली. दोघी गच्चीच्या सावलीला बसून धागे घालायच्या. मधूनच पारूबाई दचकायच्या, "काहीतरी राहिलं गं," आणि आशाबाई म्हणायची, "राहू दे. ज्याचं राहिलं तो बोंबलंल." एक दिवस खरंच अमृता दाराबाहेर अडकली, पण किल्ली पारूबाईंच्याच खुंटीवर होती. लासूरच्या नणंदेचा मुलगा म्हणाला, मामी, तारीख माझ्या मोबाईलमध्ये आहे की. बाकीच्या बारांपैकी कुणी बोंबललं नाही. पारूबाईंना त्याचं आधी वाईटच वाटलं.

अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, वाकळ पुरी झाली. जेवणं झाल्यावर आशाबाई म्हणाली, "जरा अंगावर घेऊन बघ, लांबीला पुरती का." पारूबाई पुढच्या खोलीतल्या पलंगावर आडव्या झाल्या. वाकळ पायांपर्यंत पुरली. कुशीवर वळल्या, काही टोचलं नाही. धागे बोटांना नाचणीच्या दाण्यांसारखे लागत होते. खिडकीतून कडुलिंबाचा हिरवा वास येत होता. आज आठवा दिवस, पाणी यायचं, असं काहीतरी मनात आलं. पण ते पुरतं यायच्या आतच त्यांना झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. पाच वाजून गेले होते. घरात इतकं शांत, की त्या घाबरून उठल्या.

दार उघडलं तर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. बादल्या, हंडे, कळशा, पातेली, परात, कुकर, लोणच्याची रिकामी बरणी, रूपाचा कणकेचा डबा, सगळं काठोकाठ भरलेलं. सर्जेराव भिजलेल्या धोतराने पायरीवर बसून तळहातावर फुंकर घालत होते. आशाबाई आणि रूपा, दोघींच्या साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या.

"पाणी आलं व्हतं?"

"तीन वाजता," सर्जेराव म्हणाले.

"मंग मोटर का नाय लावली? टाकी?"

त्यांच्या नळाला जोर नव्हता. मोटर लावल्याशिवाय पाणी टाकीत चढायचं नाही, आणि मोटर बरोबर त्या पलंगाच्या खिडकीखाली होती.

"भोंगा हाय तो," सर्जेराव म्हणाले. "तू घोरत व्हतीस. म्हणलं तुझंच चालू दे."

"म्हणून हातांनी भरलं? ह्या वयात?"

"मी नळापाशी, रूपा मध्ये, आशाबाई इकडं. चाळीस मिनिटं. हिला बोलू नको म्हणलं तर हिचं तोंड सुजलं."

"दाजी, कळशी माझ्या पायावर कुणी पाडली? न् तरी मी वरडले नाय," आशाबाई म्हणाली, आणि मग चौघंही हसायला लागली. पारूबाईंनी परातीतलं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या पाडव्याला घरात सगळ्यांनी बेताने आंघोळी केल्या. आठ दिवस पाणी पुरवून पुरवून वापरावं लागलं. कुणी कुरकुरलं नाही.

पुढे म्हणाल तर, सर्जेरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाण्याच्या तारखेला तिकिटाच्या पंचाने भोक पाडायला सुरुवात केली, आणि आता गल्ली त्यांनाच विचारते. गोळी मात्र अजून विसरतात. अतुलने स्वतःच्या सासरची बारशी, वाढदिवस स्वतःकडे घेतले आणि दोन विसरून बोलणी खाल्ली. रूपाने सगळं मोबाईलमध्ये घातलं. तो दिवसभर टुणटुण वाजतो, आणि दुपारी दोन ते चार ती तो बंद ठेवते. आशाबाईच्या त्या रेडकाची रेडकं दूध द्यायला लागली. वाकळ उन्हाळ्यात सिडकोत असते, दिवाळीनंतर बिडकीनला जाते.

पारूबाई सत्तरी ओलांडून गेल्या. दुपारी झोपतात. गल्लीत कुणी त्या वेळी बेल वाजवत नाही. विसरतातही पुष्कळ. गेल्या संक्रांतीला आशाबाईचं वाण पाठवायचंच राहिलं. चौथ्या दिवशी फोन आला, तो उचलून कानापासून हातभर लांब धरावा लागला, इतकी ती ओरडत होती. पारूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने तीळगूळ घेऊन बिडकीनला गेल्या.