पानावरची लव

फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याला तारेऐवजी बांधलेली सुतळी.

ट्रकवरून आलेल्या नवऱ्याच्या खिशात मोहरीचे चार दाणे. धुण्याआधी ती नेहमी झटकते.

याच रस्त्यानं जाताना दोनदा वाजणारा त्याचा भोंगा.

करपलेलं गवत, आणि त्यात उभी पिवळी फुलं.

"औषधात पाणी घालतेस की पाण्यात औषध?" मुकादमानं विचारलं.

तिनं पंप पाठीवरून खाली ठेवला. कालव्याकडेच्या या रस्त्यावर तिची ही तिसरी फवारणी. माप तेच, झाकणं मोजून. गवत मेलं होतं, रानमोहरी मात्र खुशाल डुलत होती.

"अकरा वर्षं फवारतेय मी, मुकादम."

"मग वरच्या साहेबांना तूच सांग. मला तर उद्यापासून दुसरी बाई बघायला सांगितलंय."

त्यानंच बोलावलेल्या शेतीखात्याच्या तपासनीस बाई उकिडव्या बसल्या होत्या. एक पान चुरगळून त्यांनी छोट्या नळीत घोटलं, त्यात कागदी पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या.

"ताई, तुमचं औषध बरोबर आहे. ही मोहरीच त्याला मरत नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या पेरणीच्या मोहरीचा गुण आहे हा."

"पेरणीच्या मोहरीचं पान गुळगुळीत असतं," ती गोंधळून म्हणाली. "हिला लव आहे. ही रानातलीच."

"तेच तर. ती इथं कधीतरी उगवली, फुलली आणि हिच्यात मिसळली."

"म्हणजे परस्पर सोयरीक!" मुकादम हसला. "आम्हाला पत्रिकासुद्धा नाही."

बाई हसल्या नाहीत. "शेंगा फुटल्या की बी कालव्यात पडेल. मग खालच्या गावांपर्यंत कुणाला आवरायचं नाही. जवळपास तसलं शेत नाही, म्हणजे बी वाटेत सांडलंय. कुठल्या गाडीतून ते कळलं, तर तिच्या सगळ्या वाटेवरची झाडं आत्ताच उपटता येतील."

"हिला विचारा," मुकादम म्हणाला. "ही रोज इथंच असते. चुकलो बाई, तुझं काम पक्कं."

नोकरी वाचली होती. हायसं वाटायला हवं होतं. तिनं डाव्या हातात मोजा घातला. तो उजव्याचा निघाला. काढला, आणि पुन्हा त्याच हातात घातला.

"किती मागचं आठवायचं?"

"दोनेक वर्षं."

रस्त्याच्या वळणापलीकडे भोंगा दोनदा वाजला.

दोन वर्षांपूर्वी, पेरणीच्या तोंडावर, मोहरीच्या बियाण्यानं भरलेल्या ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली तेव्हा पंपाच्या पट्ट्याची तार सोडून तिनंच नवऱ्याला बांधायला दिली होती.